या जगात पुजारी नाहीत

१९७०च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात, डेव्ह आर्नसन या तरुणाच्या घरच्या तळघरात दोस्तमंडळी टेबलाभोवती जमायची आणि ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित मुलखात लढाया खेळायची. त्यातल्या एकाचं पात्र खेळता खेळता व्हॅम्पायर झालं. सर फँग हे त्याचं नाव. हा रक्तपिपासू सरदार बघता बघता इतका जबर झाला की बाकीच्यांना खेळात राम उरेना. त्याला सरळ बाद करता आलं असतं, पण आर्नसनच्या टेबलावर तसं झालं नाही. त्या काळात हॅमर या ब्रिटिश कंपनीचे ड्रॅक्युलापट जोरात होते आणि त्यांत पीटर कुशिंगने रंगवलेला व्हॅन हेलसिंग क्रूस उगारून व्हॅम्पायरला पळता भुई थोडी करायचा. त्याच धाटणीचा एक धर्मगुरू टेबलावर उतरवला गेला. आज जगभरचे खेळाडू ज्याला ‘क्लेरिक’ म्हणतात, त्याचा जन्म असा एका डोईजड खेळाडूला वेसण घालण्यासाठी झाला.

जानेवारी १९७४मध्ये आर्नसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचा गॅरी गायगॅक्स या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. लाकडी दिसणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, एवढाच ऐवज. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतली पोरं तळघरात बसून जो खेळतात तो हाच खेळ, आणि ‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटर गेम उभा आहे तोही याच नियमांवर. पट किंवा सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. एकजण डंजन मास्टर होतो, म्हणजे ते जग आणि त्यातली संकटं त्याच्या हाती. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात.

पात्र घेताना पहिला प्रश्न असतो क्लासचा, म्हणजे पेशाचा. त्या पहिल्या पुस्तिकांत तीनच क्लास होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. प्रत्येकाच्या पायात बेडी होती. जादूगाराने चिलखत घालायचं नाही, हत्यार म्हणून फार तर खंजीर. क्लेरिकला चिलखत चालेल, पण धारदार शस्त्राला हात लावायचा नाही. गदा, हातोडा असलं बोथट काहीतरी घ्यायचं. धर्मगुरूने रक्त सांडू नये, असं याचं कारण सांगितलं जातं आणि दाखला दिला जातो बिशप ओडोचा. बायो इथल्या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामात हा बिशप रणांगणात दंडुका घेऊन दिसतो. मध्ययुगातले बिशप खरोखर इतके सोवळे होते का, याबद्दल इतिहासकार शंका घेतात. खेळात मात्र या नियमाने काम चोख केलं. गुहेतून मिळणाऱ्या खजिन्यात जादूच्या तलवारींचा मान मोठा, आणि त्या एकट्या लढवय्याच्या वाट्याला आल्या.

दुसरी बेडी होती ती कुळाची, म्हणजे पात्र माणूस आहे की ड्वॉर्फ, हॉबिट, एल्फ असल्या कल्पित जमातीतलं, याची. ड्वॉर्फ घेतलात तर लढवय्याच व्हायचं, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत, म्हणजे बढतीच्या सहाव्या पायरीपर्यंत. हॉबिट चौथ्या लेव्हलला अडायचा. एल्फ लढवय्या म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलला थांबायचा. माणसाला मात्र वर कसलंच छत नाही. गायगॅक्सने पुढे याचं समर्थन केलं ते असं, की खेळाचं जग माणसाच्या भोवती फिरायला हवं; अंधारात दिसणारे, शेकडो वर्षं जगणारे एल्फ सगळ्याच बाबतींत सरस ठरले तर माणूस घेईल कोण?

मुद्दा खोटा नव्हता, पण उपाय फसवा होता. सुरुवातीच्या लेव्हलना एल्फचे सगळे फायदे हातात पडायचे आणि किंमत मोजायची वेळ यायची ती कित्येक महिन्यांनी, पात्रावर जीव जडल्यावर. तोवर मोहीम संपलेली असे, किंवा डंजन मास्टर त्या नियमाकडे काणाडोळा करी. शिवाय शेकडो वर्षांचं आयुष्य लाभलेला एल्फ आठव्या लेव्हलवर का थिजतो, याला त्या जगाच्या आत काहीच उत्तर नव्हतं. हा नियम त्या मुलखात उगवलेला नव्हता, हिशेबासाठी बाहेरून लादलेला होता, आणि खेळणाऱ्यांना असलं पटकन कळतं.

पॅलाडिनची कथा याहून मजेदार. देवाला वाहून घेतलेला हा धर्मवीर १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला आणि १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये त्याच्या अटी पक्क्या झाल्या. तो माणूसच हवा. कायदा पाळणारा आणि सज्जन हवा. बळ किमान १२, बुद्धी ९, शहाणपण १३, काटकपणा ९ आणि व्यक्तिमत्त्वाचं तेज १७. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक गुणासाठी तीन फासे क्रमाने टाकायचे आणि पडेल ते दान मान्य करायचं, असं ठरलं, तर तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६मध्ये ४. बाकीच्या चार अटी धरून गुणाकार केला की उत्तर येतं साधारण हजारात एक. गायगॅक्सलाही हे जाणवलं असावं, कारण १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यावा, अशा हात सैल करणाऱ्या पद्धती त्याने दिल्या.

एवढं करून पॅलाडिन झालात, तरी जाच संपत नसे. जवळ दहापेक्षा जास्त जादुई वस्तू ठेवायच्या नाहीत, कमाईचा दहावा हिस्सा दान करायचा आणि जाणूनबुजून एक जरी दुष्कर्म झालं तर पद कायमचं गेलं. काही डंजन मास्टरांना यातून खोडकर चाळा सुचला. पॅलाडिनसमोर असा पेच टाकायचा, की इकडे आड तिकडे विहीर. ओलीस वाचवले तर शपथ मोडते, शपथ पाळली तर निरपराध मरतात. एकदा ठीक आहे, पण दर आठवड्याला असं झालं तर खेळाडू पात्राचा कागद फाडून टाकेल.

त्याच १९७८च्या पुस्तकात बायकांच्या बळालाही कमाल मर्यादा होती. माणसांत स्त्री पात्राचं बळ पुरुषाच्या वरच्या टोकाला पोहोचू शकत नसे. ड्रॅगन, उडते गालिचे आणि बोलक्या तलवारी चालवून घेणाऱ्या खेळाला तेवढंच वास्तवाचं भान का आलं, देव जाणे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम गेला. त्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातून मठवासी मंक हा क्लासही गेला. शिवाय मारेकरी गायब झाला आणि राक्षस-सैतानांची नावं बदलली गेली, कारण हा खेळ पोरांना सैतानपूजेला लावतो असा गदारोळ त्या दशकात अमेरिकेत उठला होता. म्हणजे क्लासवर बंदी येण्याची कारणं कधी टेबलावरची असतात, तर कधी टेबलापासून फार लांबची.

२०००मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि कुळाचे बहुतेक अडसर निघाले. ड्वॉर्फ जादूगार होऊ लागला, हाफलिंग, म्हणजे पूर्वीचा हॉबिट, पॅलाडिन होऊ लागला. पॅलाडिनची सज्जनपणाची सक्तीही २००८च्या चौथ्या आवृत्तीत सैल झाली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत १२ क्लास, आणि कोणत्याही कुळाला कोणताही खुला.

मग गंमत झाली. नियमांनी दारं उघडल्यावर ती लावून घ्यायची इच्छा डंजन मास्टरांना होऊ लागली. समजा, कुणाला वाळवंटातली मोहीम रंगवायची आहे. विहिरीसाठी खून पडतात, पखालीतल्या घोटाघोटाचा हिशेब लागतो. आणि टोळीत एक क्लेरिक आहे. पाचव्या आवृत्तीत पाणी निर्माण करायचा मंत्र पहिल्याच लेव्हलला मिळतो आणि एका फटक्यात १० गॅलन पाणी देतो, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर. सोबत निसर्गपूजक ड्रुइड असेल तर त्याच्याकडे दहा मंतरलेली बोरं पैदा करायचा मंत्र असतो. एक बोर खाल्लं की माणसाची दिवसाची भूक भागते. तहान मिटली, भूक मिटली, वाळवंट संपलं. डंजन मास्टरने आठवडाभर खपून काढलेले नकाशे त्या पहिल्या संध्याकाळीच निकामी होतात.

अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे क्लेरिक नको, ड्रुइड नको असं जाहीर करणं. पण नुसतं काढून टाकणं म्हणजे मेंढीकोटात चारही दश्श्या बाजूला ठेवून डाव मांडण्यासारखं आहे. पत्ते वाटता येतील, पण जिंकायचं काय, हे कुणाला कळणार नाही. क्लेरिक गेला की पाण्याबरोबर जखमा भरणंही जातं, मेलेल्याला परत आणणं जातं, भुताखेतांना पिटाळणं जातं. खेळातली लढाई हे सगळं हाताशी आहे असं गृहीत धरून रचलेली असते. ती जागा कशाने भरायची, हे न ठरवता घातलेली बंदी दुसऱ्याच लढाईत अंगाशी येते.

ही जागा भरण्याचं आजवरचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे १९९१ साली टीएसआर या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तेव्हाच्या कंपनीने काढलेलं ‘डार्क सन’. टिमथी ब्राऊन आणि ट्रॉय डेनिंग यांनी रचलेलं आणि ब्रॉम या चित्रकाराने डोळ्यांसमोर उभं केलेलं हे जग. त्या ग्रहाचं नाव अथास. समुद्र आटलेले, सूर्य म्हातारा आणि लालभडक, लोखंड इतकं दुर्मीळ की लोक हाडांच्या, दगडाच्या आणि ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेच्या हत्यारांनी लढतात आणि चलन म्हणून भाजलेल्या मातीची नाणी वापरतात.

अथासवर देव नाहीत. साहजिकच देवाचे पुजारी नाहीत आणि पॅलाडिन तर नाहीतच. पण क्लेरिक आहेत! ते अग्नी, वारा, पाणी आणि पृथ्वी या तत्त्वांची उपासना करतात आणि शक्ती तिथूनच मिळवतात. शिवाय टेम्पलर आहेत. नगरांवर राज्य करणाऱ्या जादूगार-राजांचे हे कारभारी. ते आपल्या राजाकडूनच मंत्रशक्ती घेतात, करवसुली करतात आणि लोकांना तुरुंगात डांबतात. धर्म गेला आणि त्याच्या जागी सरकारी कचेरी आली. हा बदल नियमांच्या चार ओळींत बसतो, पण त्यातून अख्ख्या नगराचा वास येतो.

जादूगारांचं काय केलं, ते त्याहून भारी. अथासवर मंत्र म्हणायचा तर शक्ती आजूबाजूच्या झाडपाल्यातून ओढावी लागते. बेफिकीर जादूगार मंत्र टाकतो तेव्हा त्याच्याभोवतीच्या वर्तुळातलं गवत-झुडूप राख होतं आणि ती जमीन नापीक बनते. या जादूगारांना डिफायलर म्हणतात. जपून, निसर्गाला न मारता जादू करणारे ते प्रिझर्व्हर. नियम असा की डिफायलर भराभर लेव्हल चढतो आणि प्रिझर्व्हर रखडतो. ग्रहाचं वाळवंट झालं ते याच पापाने. त्यामुळे सामान्य लोकांना कुठलाही जादूगार दिसला की ते दगड उचलतात आणि प्रिझर्व्हरलाही लपूनछपून जगावं लागतं. क्लास तोच राहिला, मंत्रांची यादीही बरीचशी तीच. बदलली ती फक्त किंमत, आणि तेवढ्याने जादूगार खेळणं म्हणजे प्रत्येक पाळीला मनाशी भांडण होऊन बसलं.

बार्डही तसाच. एरवी हा गाणी गात फिरणारा, थोडीफार जादू येणारा हरहुन्नरी गडी. अथासवर त्याची जादू काढून घेतली आणि हातात विषाच्या कुप्या दिल्या. तिथले उमराव एकमेकांकडे गायक भेट पाठवतात. यजमानाला नाही म्हणता येत नाही आणि गाणं संपेपर्यंत कोण जिवंत राहील सांगता येत नाही. या जगात पात्रं इतकी पटापट मरत की प्रत्येक खेळाडूने चार पात्रं तयार ठेवावीत, अशी नियमातच सोय होती.

बंदीतूनच गोष्ट काढायची युक्ती त्याआधी १९८४मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ने केली होती. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्यांमुळे हे जग अनेकांना परिचित आहे. तिथल्या क्रिन या ग्रहावर देवांनी आगीचा डोंगर टाकला आणि त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं ते बोललेच नाहीत. खेळाची सुरुवात होते तेव्हा क्लेरिकला एकही मंत्र येत नाही, कारण देणाराच गायब आहे. पुढे गोल्डमून ही टोळीप्रमुखाची मुलगी खऱ्या देवांचा माग काढते आणि क्लास पुन्हा जिवंत होतो. इथली बंदी म्हणजे पहिल्या अंकातली कुलूपबंद खोली आहे. किल्ली शोधणं हाच खेळ. जादूगारांनाही पांढरा, लाल किंवा काळा झगा घालून तीनपैकी एका संघात यावं लागतं आणि प्राणावर बेतणारी परीक्षा द्यावी लागते. परीक्षा चुकवणारा फरारी ठरतो. कुणाला तसं फरारी राहायचंच असेल तर राहू दे, पण मग मागे लागलेले झगेवाले सांभाळायची तयारी हवी.

कादंबरीकार टॉल्किनच्या मिडल-अर्थ या जगात मात्र असल्या तडजोडीने भागत नाही. तिथे जादूगार हा पेशाच नाही. गॅन्डाल्फसारखे पाच जण समुद्रापलीकडून आले, आणि ते माणसं नव्हेत. २०१६ साली क्युबिकल ७ या प्रकाशनाने पाचव्या आवृत्तीचे नियम या जगासाठी घडवले तेव्हा ठरलेले सगळे क्लास काढून ठेवले आणि सहा नवे केले. त्यांत लढवय्ये, भटके, खजिना शोधणारे आहेत आणि एक विद्वानही आहे. मंत्र म्हणणारा क्लास एकही नाही. जखमा बांधायचं काम विद्वानाकडे गेलं. मंत्राने पोट भरणं आणि क्षणात दूर पोहोचणं बंद झालं म्हणून प्रवासाचे वेगळे नियम आले, आणि डोंगर ओलांडणं पुन्हा अवघड झालं. पुस्तकं वाचलेल्यांना हे मानवतं. नवख्याला मात्र आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर दुखावलेला खेळाडू “मग माझे मंत्र कुठायत?” विचारत बसतो.

जादूगारावरच्या या बंदीच्या दोन टोकांना दोन वेगळे खेळ आहेत. ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये राजा आर्थरच्या दरबारातले सगळे खेळाडू सरदारच होतात, जादू मर्लिनची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या हातातली. मधल्या एका आवृत्तीत जादूगार होण्याची मुभा दिली गेली आणि पुढच्या आवृत्तीत ती निमूट काढून घेतली गेली. सगळे एकाच पेशाचे असले की कंटाळा येईल, ही भीती तिथे खोटी ठरते. उलट कोण शूर, कोण लोभी, कोण प्रेमात आंधळा, हे फरक उठून दिसतात. दुसरं टोक १९८७च्या ‘आर्स मॅजिका’चं. जादूगार बाकीच्यांना झाकोळून टाकतो ही जुनी तक्रार या खेळाने फिरवून सोडवली : प्रत्येकाकडे एक जादूगार आणि शिवाय एक साधं पात्र, आणि दर मोहिमेला आळीपाळीने वरचा मान.

घरगुती टेबलांवर यातलं बरंच काही कानगोष्टीसारखं उतरतं. मुंबई-पुण्याच्या बोर्डगेम कॅफेंमधून किंवा रात्री व्हिडिओ कॉलवर खेळणाऱ्या टोळ्यांमध्ये हल्ली ‘सेशन झिरो’ करायची पद्धत रुळली आहे. पात्रं बनवण्याआधी सगळे बसतात आणि या जगात काय आहे, काय नाही, हे डंजन मास्टर सांगतो. वेळ इथेच महत्त्वाची. क्लास निवडून, त्याची कूळकथा लिहून, चित्र काढून आलेल्या खेळाडूला “तुझा पेशा इथे चालत नाही” सांगणं म्हणजे लग्नाच्या मांडवात पत्रिका जुळत नाही म्हणण्यातला प्रकार.

नियम आणि श्रद्धा यांची गल्लत किती रंगू शकते, हे ड्रुइडच्या चिलखताने दाखवून दिलं. २०१४च्या पुस्तकात लिहिलं होतं की ड्रुइड धातूचं चिलखत घालणार नाहीत. घालू शकत नाहीत असं नाही, घालणार नाहीत. मग घातलंच तर काय होतं? नियमांचा तेव्हाचा प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड याला हा प्रश्न अधिकृतपणे विचारला गेला. ड्रुइडचा स्फोट होतो, असं आधी त्याने थट्टेत सांगितलं आणि मग खुलासा केला की हे त्या पंथाचं सोवळं आहे, खेळाचा तोल त्यावर अवलंबून नाही. २०२४च्या नव्या पुस्तकात ते सोवळं वगळलं गेलं. काहींना हायसं वाटलं, काहींना ड्रुइडच्या अंगावरचं काहीतरी उतरवल्यासारखं वाटलं.

आणि कधी कधी क्लास बंदीच्या फटीतून स्वतःच वाट काढतो. मंकचंच बघा. १९७५च्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीत हा नि:शस्त्र लढणारा मठवासी आला, १९८९ला मूळ पुस्तकातून गेला, २०००मध्ये परतला. २०१०मध्ये ‘डार्क सन’ चौथ्या आवृत्तीत पुन्हा आलं, तेव्हा देवाकडून शक्ती घेणारे सगळे क्लास अथासवर बंद होते. मठ आणि व्रतवैकल्यांमुळे मंकही त्यात सापडला असता. पण त्याच वर्षी काही महिने आधी निघालेल्या पुस्तकात त्याच्या शक्तीचा उगम मनोबल असा नोंदवला गेला होता, आणि मनोबल तर अथासवर गल्लीबोळात सापडतं. त्यामुळे पॅलाडिन वेशीबाहेर राहिला आणि मंक नगरात दाखल झाला.